हजेरीवाले तुळशीरामजी

एका युनियनची सगळीच्या सगळी मतं मी एकदा अडकित्त्यानं कातरली, वरून लवंग-वेलची घातली, आणि ज्यांची होती त्यांच्यासमोरच तबकातून फिरवली. चांगली झाली होती. दोघातिघांनी परत मागून घेतली.

हा गाढवपणा सर्वस्वी माझा. सासूबाईंवर ढकलावा म्हटलं तर त्या नेमक्या धामणगावला गेलेल्या. पण नुसता माझा गाढवपणा सांगून भागत नाही, आधी तुळशीरामजी ड्रायव्हर सांगावे लागतात. त्या सुपारीत जीव अडकला होता तो त्यांचा.

वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांताला जोडलेलं होतं आणि मी बडनेऱ्याच्या रेल्वे चाळीला. माहेर अकोल्याचं. वडलांचा गावाबाहेर मळा. वांगी, मेथी, कोथिंबीर, कडेनं झेंडू. चौथीत माझा पहिला नंबर आला होता, आणि त्या नंबराची हवा डोक्यातून पुढं कितीतरी वर्षं गेली नाही. लग्न जमवणाऱ्यानं सांगितलं होतं, "पोरगा आगगाडी चालवते." बडनेऱ्याला आल्यावर कळलं की आगगाडी तुळशीरामजी चालवतात आणि आमचे हे तिच्यात कोळसा टाकतात.

ती आगगाडी तरी कशी? बडनेरा ते अमरावती, अमरावती ते बडनेरा. विडा लावून तोंडात टाकावा, तो रंगेपर्यंत गाव यायचं. तुळशीरामजींनी उभा जन्म तेवढ्यावर काढला. त्यांच्या साऱ्या खेपा सरळ एका रेषेत धरल्या असत्या तर विलायत मागं पडली असती. पण अकोला कसं दिसतं हे त्यांना ठाऊक नव्हतं. "तिकडं बी निंब असतात न?" असं ते मला फार काळजीनं विचारायचे.

त्यांची माझी पहिली गाठ पडली ती लग्नानंतर चारसहा दिवसांनी. दुपारची वेळ. दारात एक उंच, वाळका, निळ्या कोटातला म्हातारा येऊन थांबला. उंबऱ्याच्या बाहेर, बरोब्बर चिकटून.

"लाईन क्लिअर हाय का?"

मी म्हटलं, "हे घरी नाहीत."

"ते नाई इचारत मी. लाईन क्लिअर हाय का?"

चौथीच्या पुस्तकात हे कुठंच नव्हतं. मी गोंधळून म्हणाले, "मले माईत नाई बाप्पा." तो म्हातारा "बरं" म्हणाला आणि तिथंच उभा राहिला. बसा म्हटलं, बसेना. या म्हटलं, येईना. जा म्हणायची सोय नव्हती. मी दार अर्धं लोटलं आणि फटीतून बघत बसले. हे येईपर्यंत तो उन्हात तसाच उभा.

ह्यांनी आल्या आल्या मलाच झापलं. "अवं, मामाजी हायेत ते! त्याईले गोळा दे न!"

मग मला समजावण्यात आलं. एकेरी रुळावर दोन गाड्या समोरासमोर येऊ नयेत म्हणून स्टेशनमास्तर ड्रायव्हरच्या हाती एक लोखंडी गोळा देतो, चामड्याच्या पिशवीत घालून. गोळा हाती असला की पुढच्या स्टेशनापर्यंतची लाईन तुमची. पोचलं की गोळा परत. गोळ्याशिवाय गाडी हलवणं म्हणजे नोकरी घालवणं, प्रसंगी जीवही. इथवर सगळं ठीक. तुळशीरामजींनी हा नियम माणसांच्या घरांना लावला होता. घरातल्यानं 'लाईन क्लिअर' म्हणायचं, काहीतरी हातात द्यायचं, मग ते आत येणार. निघताना ती वस्तू परत करणार. उस्मानभाई ड्रायव्हरांच्या घरी त्यांना पानाच्या डब्याचं झाकण मिळे. मी हाताला लागलं ते वांगं दिलं.

त्या दिवसापासून आमच्या घरचा गोळा म्हणजे वांगं. देठाला धरून ते घटकाभर बसायचे, चहा घ्यायचे, वांग्यासकट हातवारे करायचे, आणि उठताना ते माझ्या हातात देऊन म्हणायचे, "घे, लाईन सुटली." वांगं सुरकुतलं की मी दुसरं ठेवायची. ते जुनं भाजीत घालायची माझी छाती होत नसे. माणसाच्या मुठीत इतका वेळ बसलेलं वांगं पाहुण्यासारखं वाटायला लागतं.

दुसरी खोड याहून अवघड. कोणी गावाहून आलं की ते विचारत, "पुरी आली का?" आणि असं म्हणताना त्या माणसाच्या तोंडाकडे न बघता मान वाकडी करून त्याच्या पाठीमागं बघत. मी पहिल्यांदा माहेरून परत आले तेव्हा मलाही विचारलं, "सूनबाई, पुरी आली का?"

"मी काय अर्धी येनार हाव का?" मी फणकाऱ्यानं म्हटलं. पण ते माझ्या पाठीमागं बघतच होते. मला वाटलं, लुगडं फाटलं. घरात जाऊन आरसा पाठीशी धरला, मान मोडेपर्यंत वळवली. लुगडं धड होतं. तरी दुसऱ्या दिवशी मी ते नेसले नाही.

तिसरी गोष्ट खोड म्हणावी की काय, मला तेव्हा कळत नव्हतं. संध्याकाळी ड्यूटी संपवून ते आपल्या खोलीशी यायचे. खोली आमच्या समोरच. बायको मी चाळीत येण्याच्या आधीच वारलेली, मूलबाळ नाही. दाराला कुलूप. किल्ली हातात. आणि किल्ली हातात असूनही ते दाराबाहेर काही वेळ नुसते उभे राहायचे. मग कुलूप काढायचे. मी चौथी पास, मी ठरवून टाकलं की म्हाताऱ्याला किल्ली कुलपात कशी घालायची ते आठवत नाही. एकदा तर ओसरीवरून ओरडलेही, "मामाजी, उलटी फिरवा, उलटी!" त्यांनी माझ्याकडे बघून मान हलवली. रागावले नाहीत. मला वाटलं, माझा सल्ला उपयोगी पडला.

अशात युनियनची ती भानगड सुरू झाली.

कंपनीशी नवा करार व्हायचा होता. तोवर नोकरी संपली की कंपनी एकदाच एक रक्कम हातात ठेवायची आणि रामराम करायची. तिला सगळे थैली म्हणत. आता कंपनी म्हणत होती, थैली नको, पेन्शन घ्या. दर महिन्याला थोडं थोडं, मरेपर्यंत. दोन्हींतलं एकच मिळेल आणि सगळ्यांना सारखंच मिळेल. काय ते ड्रायव्हर-फायरमन मंडळींनी ठरवून सांगा.

आमची खोली टोकाची, ओसरी मोठी. म्हणून सभा आमच्याकडे. युनियनचे चिटणीस वासुदेवराव, मालधक्क्यावरचे कारकून, मूळचे पुण्याकडचे. 'मुद्दा असा आहे की' म्हटल्याशिवाय त्यांचं वाक्य सुरू होत नसे. मी दाराआडून ऐकायची आणि मनात म्हणायची, या अडाण्यांना कळत नाही, मला सगळं कळतंय. आज सांगते, मला काडीचं कळलं नव्हतं. पण तिथं तसे पुष्कळ होते.

"मुद्दा असा आहे की," वासुदेवराव म्हणाले, "पेन्शन ही आयुष्यभराची सोय आहे."

"कोनाच्या आयुष्यभराची?" एका ड्रायव्हरनं विचारलं.

"ज्याची त्याच्या."

"म्हंजे मी लवकर मेलो त कंपनीचा फायदा?"

"तसं म्हणता येईल."

"अन् उशिरा मेलो त?"

"मग तुमचा."

"म्हंजे कंपनी माह्या मरनावर टपून बसन! पानी बी पाजनार नाई मंग थे आपल्याले!"

उस्मानभाई म्हणाले, "थैली अच्छी है भाई. आदमी मर बी गया तो थैली घर में रहती."

"थैली जावई खाते," आमचे हे म्हणाले. "पेन्शन जावयाले खाता येत नाई."

आम्हाला तेव्हा मूल नव्हतं. पण जावयाची धास्ती ह्यांना आधीपासून होती.

पहिल्या सभेला म्हातारे थैलीकडे होते आणि तरुण पेन्शनीकडे. दुसऱ्या सभेत वासुदेवरावांनी सगळं नीट समजावून सांगितलं, तेव्हा तरुण थैलीकडे गेले आणि म्हातारे पेन्शनीकडे. तिसऱ्या सभेत त्यांनी आणखी नीट समजावलं, तेव्हा कोण कुठं आहे हे कोणालाच सांगता येईना. भर सभेत एक जण स्वतःच्याच मागच्या भाषणावर तुटून पडला. वासुदेवरावांनी चष्मा काढून पुसला आणि म्हणाले, "मुद्दा असा आहे की..." आणि पुढचं त्यांना आठवेना.

त्यात कंपनीच्या एका अटीनं आगीत रॉकेल ओतलं. पेन्शन घ्यायची तर दर महिन्याच्या पहिल्या तारखेला स्वतः स्टेशनवर पगाराच्या खिडकीशी यायचं. बाबू नाव पुकारणार, आपण 'हाजर' म्हणायचं, बाबू डोळ्यांनी बघणार, मग मिळणार. मनीऑर्डर नाही. पोराला धाडून चालणार नाही. मेलेल्या माणसाची पेन्शन मागं कोणी खाऊ नये म्हणून ही हजेरी.

ओसरी पेटली. "म्हंजे दर महिन्याले जितं हावो म्हनून सांगाले जायाचं? चोर समजते का कंपनी आमाले?" वासुदेवरावांनी कंपनीकडे अट काढायची मागणी केली. कंपनीनं कळवलं, अट राहील. अट नको तर पेन्शनही नको, थैली घ्या आणि मोकळे व्हा. झालं. सगळी ओसरी एका दमात थैलीकडे कलली.

तुळशीरामजी इतका वेळ माझं वांगं हातात धरून गप्प बसले होते. करारावर सही झाली की नोकरीतून पहिले सुटणारे तेच होते. जे ठरेल ते आधी त्यांच्याच पदरात पडायचं. ते उभे राहिले.

"मले हजेरी पायजे," ते म्हणाले.

"पेन्शन पाहिजे, असं म्हणा," वासुदेवराव म्हणाले.

"पेन्शन द्या का नोका देऊ. हजेरी पायजे."

सभा हसली. वासुदेवरावांनी फार सभ्यपणे समजावलं की तुळशीरामजी, ही अट आपल्याविरुद्ध आहे, हा आपला अपमान आहे. तुळशीरामजींनी सगळं ऐकून घेतलं. "हाव," म्हणाले. "पन ते पायजे."

त्या रात्रीपासून हे घरात म्हणायला लागले, "बुढ्ढ्याचं डोस्कं इंजिनाच्या गरमीनं गेलं." मीही दुजोरा दिला. किल्लीची गोष्ट मला माहीतच होती.

पण म्हातारा स्वस्थ बसेना. घरोघर जाऊन उंबऱ्याशी उभा राहायचा, लाईन क्लिअर मागायचा, हातात जे मिळेल ते धरून बसायचा आणि म्हणायचा, "हजेरीले मत द्या जा."

"कावून पन मामाजी?"

"बरं असते."

एवढाच त्यांचा प्रचार. असल्या प्रचारावर कोण मत देणार? आणि मत न मिळालं तर काय होणार हे सगळ्यांना दिसतच होतं. थैली येईल, रामराम होईल, आणि तुळशीरामजींचा स्टेशनाशी संबंध संपेल. त्यात त्यांचं काय बिघडणार होतं, ते मात्र कोणाला दिसत नव्हतं.

मधे भावाच्या लग्नासाठी मी अकोल्याला गेले. मत कसं द्यायचं ते माझ्या माघारी ठरलं. निम्म्या मंडळींना लिहिता-वाचता येत नव्हतं, म्हणून वासुदेवरावांनी युक्ती काढली. दोन तांबे. एक तांब्याचा, तो थैलीचा. एक पितळेचा, तो पेन्शनीचा. दोन्हींच्या तोंडाला फडकं बांधलेलं, फडक्याला चीर. प्रत्येकाला एकेक सुपारी. ओसरीच्या कोपऱ्यात घोंगडीच्या आडोशाला एकट्यानं जायचं, हव्या त्या तांब्यात सुपारी सोडायची, बाहेर यायचं. सुपारी कोणाची ते कळत नाही आणि ती दुसऱ्यांदा टाकता येत नाही. युक्ती चांगलीच होती. ती मला सांगायला कोणाला सुचलं नाही, एवढाच तिच्यात दोष.

मी मतदानाच्या दिवशीच सकाळच्या गाडीनं परत आले, वांग्यांची टोपली घेऊन. स्टेशनवर तुळशीरामजी भेटले. "पुरी आली का?" म्हणून पाठीमागं बघितलं. मी म्हटलं, "वांगी बी पुरी आनली." ते हसले नाहीत. त्यांचा चेहरा त्या दिवशी उतरलेला होता.

घरी येऊन मी अंघोळ करून चूल पेटवली तोवर ओसरीवर मतदान उरकलं होतं. कंपनीचा साहेब दुपारच्या गाडीला डबा जोडून यायचा होता, त्याला निकाल सांगायचा होता. हे दोन तांबे घेऊन आत आले, कोपऱ्यात ठेवले आणि म्हणाले, "हे राहू दे इथिसा. भाषन झालं का लागन." आणि बाहेर गेले.

मी फडकी सोडली. दोन्हींना चीर गेलेली बघून मनात म्हटलं, घरची बाई आठ दिवस नाही तर फडकी सुद्धा धड राहत नाहीत. आत बघते तर सुपाऱ्या. दोन तांबे सुपाऱ्या! सभा म्हटली की शेवटी पानसुपारी आलीच. अकोल्यात आमच्याकडे चार माणसं जमून नुसती भांडून उठली तरी पानसुपारी दिल्याशिवाय उंबरा ओलांडू देत नाहीत. मला वाटलं, कोणीतरी हौसेनं सुपाऱ्या आणल्या आणि कातरायचं राहून गेलं. अडकित्ता चालवण्यात माझा हात मळ्यापासून स्टेशनापर्यंत कोणी धरला नसता. बाहेर वासुदेवरावांचं भाषण सुरू होतं, म्हणजे वेळेला तोटा नव्हता. मी दोन्ही तांबे सुपात ओतले आणि बसले कातरायला. बारीक, एकसारखी. तांबे रिकामे झाले ते चिंचेनं घासून लखलखीत करून पालथे घातले. फडकी शिवून टाकली.

तबक बाहेर गेलं. सगळ्यांनी चिमटी चिमटी उचलली.

"उत्तम कातरलीय, वहिनी," वासुदेवराव गाल फुगवून म्हणाले. "बरं, मुद्दा असा आहे की, आता मतं मोजू. ते तांबे आणा बघू."

मी तांबे आणले. वासुदेवरावांनी एक सुलटा केला, आत बघितलं. दुसरा सुलटा केला, आत बघितलं. त्यात त्यांना स्वतःचा चष्मा दिसला असेल, इतका तो चकचकीत होता.

"यांतल्या सुपाऱ्या?"

"वाटल्या न," मी म्हटलं. "कमी पडल्या का?"

सगळ्यांची तोंडं एकदम चालायची थांबली. ते दृश्य मी मरेपर्यंत विसरणार नाही. गिळावी तर मत जातं, थुंकावी तर ओसरी शेजाऱ्याची.

"मेरा वोट किसने खाया?" उस्मानभाईंनी विचारलं.

"ज्याचं त्यानंच खाल्लं असन त काई बिघडलं नाई," कोणीतरी म्हणालं.

"मतदान गुप्त ठेवायचं होतं," वासुदेवराव क्षीण आवाजात म्हणाले. "इतकं नाही."

ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं की कोळसा संपला तर आज मलाच टाकतील. चौथीतला तो पहिला नंबर त्या क्षणी डोक्यातून निघाला आणि कुठं गेला तो गेला. मी दाराआड झाले. तिथून मला तुळशीरामजी दिसत होते. त्यांना दात नव्हते. आपल्या वाट्याची सुपारी त्यांनी तळहातावर धरली होती आणि बोटानं एकेक तुकडा उलटासुलटा करत होते.

"यात एखांदा माहा असन," ते स्वतःशीच म्हणाले.

पुन्हा मत घ्यायचं तर चाळीत सुपारी उरली नव्हती. साहेबाची गाडी यायची वेळ झाली होती. वासुदेवरावांनी घाम पुसला आणि जाहीर केलं की आता गुप्त-बिप्त काही नाही. चाळीसमोरच्या मैदानात थैलीवाल्यांनी निंबाखाली उभं राहावं, पेन्शनवाल्यांनी हौदापाशी.

चैत्राचं ऊन. निंबाखाली गार सावली आणि हौदापाशी भट्टी. हे वासुदेवरावांच्या ध्यानात आलं नाही, कारण ते स्वतः ओसरीवर होते. सगळी मंडळी उठली आणि निंबाखाली गेली. कोणी थैली हवी म्हणून गेले, कोणी सावली हवी म्हणून, कोणी पुढचा गेला म्हणून. आमचे हेही गेले.

तुळशीरामजी दाराशी आले. उंबऱ्याबाहेर थांबले.

"सूनबाई, गोळा दे."

मी टोपलीतलं चांगलं टपोरं वांगं बघून दिलं. त्यांनी ते देठाला धरलं, निळ्या कोटाची बटणं लावली, आणि मैदान ओलांडून हौदापाशी जाऊन उभे राहिले. एकटे. टोपी नीट केली. समोर बघत, इंजिनावर उभे असल्यासारखे.

निंबाखाली हसू फुटलं. मग कमी झालं. मग थांबलं. ऊन असं होतं की हौदाचं पत्र्याचं झाकण बघवत नव्हतं.

"मुद्दा असा आहे की," वासुदेवराव म्हणाले, "निकाल स्पष्ट..."

"ठहरो," उस्मानभाई म्हणाले. "ये बुढ्ढा पक जायेगा वहाँ." आणि छत्री उघडून हौदाकडे निघाले.

"उस्मानभाई, तुम्ही थैलीवाले ना?"

"मैं छत्रीवाला हूँ. तुम अपना गिनो."

त्यांनी तुळशीरामजींच्या डोक्यावर छत्री धरली. मग आमचे हे निंबाखालून निघाले. मी दारातूनच ओरडले, "तुमी कुठं चालले? तिकडं ऊन हाय न!" ते न थांबता म्हणाले, "माहा ड्रायव्हर तिथं उभा हाय, मी सावलीत कावून उभा राहू?" त्यांच्यामागं आणखी एक फायरमन गेला. तो पाणी प्यायला गेला असावा, पण परत आला नाही. मग दोघे गेले. मग सगळेच हलायला लागले. छत्रीखाली मावेनात, कोणी धोतराचा सोगा डोक्यावर घेतला, कोणी दुसऱ्याची टोपी. थैलीचा सगळ्यांत कडवा माणूस शेवटी उरला तो निंबाला टेकून म्हणत होता, "अबे पन थैलीचं काय झालं?" त्याला कोणी उत्तर दिलं नाही, म्हणून तोही विचारायला तिकडे गेला.

वासुदेवरावांनी मोजलं. पुन्हा मोजलं. निंबाखाली एक कुत्रं होतं.

"हे मत आहे की काय आहे?" त्यांनी मला विचारलं. मला विचारलं! मी म्हटलं, "मले माईत नाई बाप्पा."

साहेबाला पेन्शन कळवली, हजेरीसकट. करार झाला. आपण नेमकं कशासाठी उन्हात गेलो, यावर चाळीत पुढं कितीतरी दिवस वाद चालला. पुढं त्या पेन्शनीला कोणी दुवा दिला, कोणी शिव्या, ज्याच्या त्याच्या जावयाप्रमाणे.

थोड्याच दिवसांत तुळशीरामजी सुटले. इंजिनावर दुसरा ड्रायव्हर आला. पहिली तारीख आली तेव्हा मी ह्यांचा डबा घेऊन स्टेशनवर गेले होते. पगाराची खिडकी उघडायला अजून अवकाश होता, पण तुळशीरामजी तिथं पोचलेले. निळ्या कोटाला इस्त्री, टोपी धुतलेली, जोडे चकचकीत. एखाद्याला लग्नाला जायचं असावं तसे. येणारा-जाणारा प्रत्येक जण विचारत होता, "कावून मामाजी, जिते हावो न?" आणि ते प्रत्येकाला तितक्याच गंभीरपणे "हाव" म्हणत होते. खिडकी उघडली. बाबूनं नाव पुकारलं. "हाजर!" असा आवाज निघाला की पलीकडच्या फलाटावरचा हमाल दचकला. बाबूनं मान वर करून त्यांना नीट, टोपीपासून जोड्यांपर्यंत बघितलं. तुळशीरामजी बघू देत उभे राहिले. मग सावकाश वळून पाठही दाखवली.

संध्याकाळी ते आमच्या दाराशी आले. लाईन क्लिअर झाली, वांगं दिलं, चहा झाला. माझ्या जिभेला तेव्हाही हाड नव्हतं. मी म्हटलं, "मामाजी, एक इचारू? दर महिन्याले चार लोकांत जाऊन मी जिता हाव म्हनून सांगाचं. तुमाले लाज नाई वाटत?"

त्यांनी चहाची बशी खाली ठेवली. समोर त्यांच्या खोलीचं कुलूप लागलेलं दार दिसत होतं, तिकडे थोडा वेळ बघितलं. मग उठले, उंबऱ्यापर्यंत गेले आणि वळून म्हणाले:

"सूनबाई, गाडी टेसनात आली का मास्तर इंजिनाकडं नाई पायत, शेवटच्या डब्याचा लाल दिवा पायते. दिवा दिसला त गाडी पुरी आली. नाई दिसला त लाईन क्लिअर देत नाई, मानूस धाडते शोधाले. मी घरी आलो का तुही मामी दारात उभी राहून माह्या मांगं पाये अन् म्हने, पुरी आली, या. आता दारात कोनी नाई. महिन्यातून एकडाव तो बाबू पायते, तेवढं बस हाय. घे तुह्यं वांगं, लाईन सुटली."